गुरमीतजींचे लेखकसाब

अहो, तुमचा लेख गुरमीतजींना फार आवडला. बर्फावर गाडी घसरली तर काय करायचं, तो. म्हणाले, "भाभीजी, पढ़के आँख भर आई." आता गाडी घसरण्याच्या लेखानं कोणाचे डोळे भरून येतात का? पण तुमच्या टॅबमध्ये सापडला असं मी त्यांना सांगितलं होतं नं, म्हणून आले. खरं म्हणजे तो मी तुमचं तेरावं झाल्यावर लिहिला. खाली बेसमेंटमध्ये, तुमच्या खुर्चीत, पाय वर घेऊन. तशी बसलेली तुम्हाला आवडत नसे.

वरून ऐकत असाल तर म्हणाल, अवं, हे काय नवीन काढलं तू? मी नाही काढलं. काढलं तुम्ही, मी फक्त पुढे चालवून राहिले. यातून बाहेर कसं पडायचं ते सांगायला तुम्ही नाही, म्हणून लिहायला बसले. भांडायचं तरी कोणाशी आता.

मंदारनं आपल्याला नागपूरहून कॅनडात, टोरंटोजवळच्या वॉनला आणलं तेव्हा त्याचं घर आपण दोघांनी वरखाली फिरून पाहिलं होतं. केवढं मोठं घर, आणि बाहेर केवढी शांतता. नागपूरला दारात उभं राहिलं की भाजीवाला, इस्त्रीवाला, शेजारीण, तिची सून, कोणी ना कोणी दोन शब्द बोलून जायचं. इथे दारात उभं राहिलं तर समोरच्या गराजचं दार वर जातं, गाडी आत शिरते, दार खाली येतं. माणूस दिसतच नाही. मंदार आणि ऋता ऑफिसात, ईशा शाळेत. नातीशी मराठीत बोलावं तर ती "ओके आजी" म्हणते आणि विषय संपतो. बस आहे, पण स्टॉपपर्यंत पोचेतो माझे गुडघे परत फिर म्हणतात, आणि हिवाळ्यात तर विचारूच नका. गाडी मला येत नाही. मराठी येते, हिंदी येते, मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी येतं, पण फोनवर पलीकडचा भरभर बोलला की तेही पळून जातं.

तुम्ही मात्र घरात बसणाऱ्यातले नव्हते. वीज खात्यात जन्म काढलेला माणूस, रोज चार लोकांशी वाद घातल्याशिवाय तुम्हाला जेवण जायचं नाही. चालत चालत त्या दुकानांच्या प्लाझापर्यंत जायला लागलात. आणि तिथे तुम्ही काय शोधलं, तर रांगा.

लोक मला विचारायचे, काकू, तुम्हाला लेख लिहायची कामं मिळतात कशी, कुठे ॲड दिली का. मी म्हणायची, आमच्या ह्यांना रांगेत उभं राहायचा नाद आहे. कोणाला खरं वाटायचं नाही. पण तुमचं शास्त्रच होतं ते. "क्लायंट दुकानात नाही भेटत, रांगेत भेटते," तुम्ही म्हणायचे. "दुकानातला माणूस घाईत असते. रांगेतला माणूस रिकामा असते आणि त्याले पळूनही जाता येत नाही." म्हणून तुम्ही कॉफीच्या रांगेत कॉफी न पिता उभे. डोक्यावर चार केस, तरी न्हाव्याकडे नंबर लावलेला. शनिवारी मंदिरात महाप्रसादाची रांग लागली की खिचडी घ्यायची, ती माझ्या हातात द्यायची आणि पुन्हा शेपटाला जाऊन उभं राहायचं. मराठी मंडळाच्या एका ताईंनी मला एकदा बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, काकू, घरी सगळं ठीक आहे नं? मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं, लोकांना वाटून राहिलं मी तुम्हाला उपाशी ठेवते. तर तुम्ही म्हणालात, "त्याच रांगेत तुले डबेवाला मिळाला का नाही?"

मिळाला होता. पुण्याच्या त्या पोराला आपल्या डब्यांबद्दल लिहून हवं होतं. नंतर एक दातांचे डॉक्टर मिळाले, एक घरं विकणारे मिळाले. सगळे गेले हळूहळू. फोनला सांगितलं की फोनच लेख लिहून देतो आजकाल, मग म्हातारीचा लेख कोण घेतो. राहिले ते एकटे गुरमीतजी. त्यांची ड्रायव्हिंग स्कूल, अंबाल्याचा माणूस, हिंदी वाचायची आवड. ते तुम्हाला म्हणाले होते म्हणे, मशीन को ठंड नहीं लगती, तो ठंड पे क्या लिखेगी.

आणि ते मिळाले कसे, ती गोष्ट तुम्ही किती वेळा सांगायचे. आपला पहिला हिवाळा. ड्राइव्ह-वेवरचा बर्फ फावड्यानं काढताना तुम्ही आपटलात, आणि मी रागारागानं बर्फावर कसं चालावं ते लिहून काढलं. डोक्यावर गणपतीची मूर्ती घेऊन चालतो तसं चालावं, गुडघे सैल, पाऊल सपाट, नजर पुढे, आणि घाई विघ्नहर्त्यावर सोडावी. मराठीत लिहिलं, हिंदीत लिहिलं, ग्रुपवर टाकलं. ते कुठे कुठे फिरलं कोण जाणे. मग एक दिवस तुम्ही टोपीवर बर्फ घेऊन घरात शिरलात आणि बूटसुद्धा न काढता म्हणालात, "अवं, तुझं लिहिलेलं रांगेत उभं होतं." तुमच्या पुढचे सरदारजी तेच मित्राला वाचून दाखवून हसत होते. तुम्ही म्हणालात, मी त्यांना सांगितलं, हे माझ्या मिसेसनं लिहिलंय. त्यांना पोरांसाठी असे लेख हवेत, आणि मी शब्द देऊन आलो.

शब्द देऊन आलो. मला न विचारता. मी गाडीच्या स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता आणि माझ्या नशिबी आलं विंटर टायर, पार्किंग, रोड टेस्ट. पण काय मजा केली हो आपण. माझं लिहून झालं की तुम्ही जेवणाच्या खुर्चीवर बसायचे, हातात परात घ्यायची, तेच स्टिअरिंग, आणि मी वाचेन तसं चालवायचं. सोफ्याच्या आणि टीव्हीच्या मध्ये तुम्ही खुर्ची पार्क करायचे. जिथे तुम्ही अडले तिथे माझं वाक्य चुकलं, असा आपला हिशेब. "इथं खांद्यावरून मागे पाहायचं राहिलं तुझं," म्हणायचे. मी लिहायची, विद्यार्थ्यानं मागे पाहताना मागे सासू बसली आहे असं समजावं. तुम्ही हसून हसून परात पाडायचे. इतकं कोणी ऐकलं नाही माझं उभ्या आयुष्यात. माहेरी कोणी नाही, सासरी कोणी नाही. हे तुमचं ऋण आहे आणि ते मी नाकारत नाही.

पण मी म्हणायची, मला एकदा न्या नं गुरमीतजींच्या शाळेत. मला पाहू द्या ती पोरं माझं वाचताना कुठे हसतात. तुम्ही म्हणायचे, बर्फ आहे. बर्फ वितळला की म्हणायचे, ऊन आहे. मग तुझे गुडघे. मग गुरमीतजी गावाला गेलेत. मंदारला म्हणायची सोडशील का रे, तर तो म्हणायचा वीकेंडला पाहू, आणि वीकेंडला ती शाळा बंद.

शेवटचं भांडण आठवतं नं? मी तुम्हाला न सांगताच तयार झाले होते. कोट घातला, टोपी घातली, बूट घातले, आणि दारात उभी राहिले. म्हटलं, आज मी येणार. तुम्ही खाली बसलात, तुमच्यानं वाकवत नव्हतं तरी बसलात, आणि माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या. एक सोडली, मग दुसरी. म्हणालात, "पडशील कुठंतरी. तू लिही. मी आहे नं जायले." आणि एकटे गेलात. मला तेव्हा काय वाटलं सांगू? वाटलं, किती जपतो हा माणूस आपल्याला. दिवसभर खिडकीशी बसून तेच वाटत राहिलं, आणि तरी रडू येत होतं, का ते कळत नव्हतं.

त्यानंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत. झोपेतच गेलात. पुन्हा काही विचारायला सवड दिली नाहीत.

फ्युनरल होममध्ये गुरमीतजी आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. उंच, पांढरी दाढी, आणि सोबत त्यांच्या शाळेतली तीनचार पोरं, आपलीच मराठी, कोणी नाशिकचं, कोणी अमरावतीचं, कॉलेज आणि काम सांभाळून आलेली. पोरं तुमच्या पाया पडली. गुरमीतजी मंदारला म्हणाले, "बेटा, हमारे लेखकसाब चले गए. ऐसा लिखने वाला अब कहाँ मिलेगा."

मला वाटलं, चुकून म्हणाले. मग त्यांनी ती रांगेतली गोष्ट सांगितली. तुमचीच गोष्ट, तीच कॉफी, तोच बर्फ. फक्त शेवट निराळा. ते म्हणाले, मी वळून विचारलं, कोणी लिहिलं असेल हो हे, तर तुमचे पापा म्हणाले, "आपके सामने ही खड़ा है."

आणि मग माझ्याकडे वळून, हात जोडून, अगदी आदरानं म्हणाले, "भाभीजी, आपकी बहुत तारीफ़ करते थे. कहते थे, उसकी चाय के बिना मैं एक लाइन नहीं लिख सकता."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुमचे डोळे मिटलेले. सोयीचंच झालं तुम्हाला.

मीही हात जोडले. दुसरं काय करणार होते? तुमच्या पायाशी उभं राहून, त्या पोरांसमोर म्हणू, की हा माणूस खोटं बोलला? परतताना गाडीत मंदारनं विचारलं, आई, बाबांनी त्यांना कधी सांगितलंच नाही? मग चिडला. म्हणाला, धिस इज नॉट फेअर, मी फोन करून सांगतो त्यांना. मी म्हटलं, "अजून दहावं व्हायचंय त्यांचं. आधी बापाला पोचव, मग खोटा पाड." तो घर आल्यावर म्हणाला, जाऊ दे, आता तू आराम कर. प्रेमानंच म्हणाला हो. पण आराम म्हणजे या घरात काय असतं ते मला ठाऊक आहे. डिशवॉशर लावायचा, ईशाच्या स्कूलबसची वाट पाहायची, आणि समोरच्या गराजचं दार वर जाताना पाहायचं. लेख होते तेव्हा याच खिडकीतून मला काय काय दिसायचं. कोण टायर न बदलता निघाला, कोणी काचेवरचा बर्फ अर्धाच काढला. लेख गेले तर खिडकी नुसती काच होऊन बसेल. तुम्ही गेलात, आता तेही गेलं तर मी इथे करू काय?

ऋता गुणी आहे. तिनं ओळखलं. एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसली, म्हणाली, आई, आपण तुमचं प्रोफाइल काढू, लोक ऑनलाइन क्लायंट शोधतात, तुम्हाला पण मिळतील. बसलो दोघी. फोटो टाकला. मग ते विचारतं डिग्री कोणती. पुढे गेलो. मग विचारतं, आधी छापलेलं लेखन दाखवा, ज्यावर तुमचं नाव आहे. आता गुरमीतजी लेखाखाली फक्त शाळेचं नाव टाकत, मला ते माहीत होतं आणि चालतही होतं. मग विचारतं, आधीचे क्लायंट तुमच्याबद्दल काय म्हणतात. म्हणजे पहिलं काम मिळायला आधी दहा कामं केलेली हवीत. मी म्हटलं, हे तर मुलगी पाहायला आले आणि विचारलं, मुलं किती आहेत. ऋता खूप दिवसांनी हसली. मग म्हणाली, सोपं आहे, गुरमीतजींकडून दोन ओळी घेऊ, ही राइट्स व्हेरी वेल असं काहीतरी. मग जीभ चावून म्हणाली, "ही" नाही, "शी" राइट्स, म्हणजे तुम्ही. आणि माझं तोंड पाहून तिनं लॅपटॉप मिटला.

कुठूनही निघा, वाट गुरमीतजींच्या दारात जाते, आणि दारात तुम्ही उभे.

मग त्यांचा फोन आला. नवीन पोरं आलीत, भाईसाबचं काही लिहिलेलं पडलं असेल का? मी सांगणार होते. खरंच सांगणार होते, वाक्य तयार होतं. तोंडातून निघालं, "देखती हूँ जी. होगा." आणि खाली येऊन मी तुमचा लेख लिहिला. मग दुसरा. तुमचं पहिलं मासिक श्राद्ध व्हायच्या आत तुम्ही जितकं लिहिलं तितकं जिवंतपणी कधी लिहिलं नसेल. लिहिताना समोर परात धरायला कोणी नाही. मीच खुर्चीवर बसून खांद्यावरून मागे पाहते, की वाक्य बरोबर आहे का.

राग आला नाही असं नाही. फार आला. तुमचे स्वेटर द्यायला काढले तेव्हा एकेकाला झटकत होते तर ऋता म्हणाली, आई, फाटतील. पण रागावता रागावता मला तुम्ही दिसायचे. नागपूरला रस्त्यात लोक थांबून विचारायचे, साहेब, आमच्या लाइनचं काय झालं? इथे मंदारच्या ऑफिसच्या त्या पार्टीत कोणीतरी विचारलं, व्हॉट डिड यू डू, सर, आणि तुम्ही सबस्टेशनबद्दल सांगायला लागलात, आणि तो माणूस मान हलवत हलवत समोशांकडे सरकला. तुम्ही वाक्य अर्धंच सोडलं होतं. मी पाहिलं होतं ते. आणि त्या प्लाझात, गुरमीतजींच्या शाळेत, तुमच्यासाठी खुर्ची ओढत होते. पोरं विचारायची, लेखकसाब, हे कसं, ते कसं. एवढ्या थंडीत, एवढ्या मोठ्या देशात, एक खुर्ची.

मला मागितलं असतं तर मी दिलं असतं हो ते. हसत दिलं असतं, वर चिडवलं असतं जन्मभर. पण तुम्ही मागितलं नाहीत. घेतलंत, आणि मग ते झाकून ठेवायला मला घरात ठेवलंत. माझा राग त्या नावाचा नाही. त्या नाड्यांचा आहे. मी जपणूक समजून बसले होते ती. अजूनही रोज वाटतं, थोडी तरी जपणूक असेल नं त्यात? हे तुम्ही सांगायला हवं होतं. हे दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही.

मंडळाच्या ताईंनी मला अंकासाठी तुमच्यावर लिहा म्हटलंय, त्या निमित्तानं हे लिहिलं. मराठीत आहे, गुरमीतजींपर्यंत जायचं नाही. त्यांची ती अमरावतीची पोरं अंक वाचत नाहीत. तुमची अब्रू तिकडे शाबूत आहे. आपल्या लोकांचं काय, ते तुम्हाला ओळखूनच होते.

तर आता काल काय झालं ते ऐका. गुरमीतजींच्या भावानं तिकडे दूर पश्चिमेला, रेजिना शहरात, ड्रायव्हिंगची शाळा काढली. तिथल्या पोरांसाठी लेख हवा. फोनवर म्हणाले, रेजिनाबद्दल तर भाईसाबांनी काही लिहून ठेवलं नसेल. आता तुमच्या टॅबमध्ये रेजिना कुठून सापडणार? मी म्हटलं, "मैं लिख दूँ जी?"

ते म्हणाले, "आप? आप भी लिखते हो?"

इथे सांगता आलं असतं. दार सताड उघडं होतं. मी म्हटलं, थोडं थोडं. ते खूश होऊन म्हणाले, हो, इतकी वर्षं सोबत राहिलात, काहीतरी तर आलंच असेल. सँपल पाठवा, बघू.

ऋताची चुलत बहीण रेजिनाला सरकारी नोकरीत आहे. तिला फोन लावला. ती म्हणाली, काकू, इथे थंडीत गाडीच्या पुढे प्लग लोंबत असतो, इंजिन गोठू नये म्हणून तो लावून ठेवायचा, आणि नवीन माणूस हमखास प्लग न काढताच गाडी सुरू करतो. मला तेवढं पुरलं. मी लिहिलं, वीज खात्यातल्या माणसाशी संसार केलेली बाई सांगते, निघण्याआधी वायर काढा, नाहीतर सगळं गाव मागून ओढत न्याल. खाली नाव टाकायला गेले. सौ. लिहिलं, सवयीनं. मग ते पुसलं. श्रीमती लिहवेना. नुसतंच सुमन लिहिलं, शाळेच्या दाखल्यावर असतं तसं, आणि पाठवून दिलं.

आज फोन आला. मी हात पिठाचे म्हणून स्पीकरवर ठेवला होता, ऋता समोर भेंडी चिरत होती. गुरमीतजी म्हणाले, अच्छा है भाभीजी, काम चल जाएगा, भावाला पाठवतो. भला माणूस आहे, खोटं बोलवत नाही त्यांना. "पर सच बोलूँ? भाईसाब वाली बात नहीं है."

ऋताची सुरी थांबली. ती माझ्याकडे बघत होती, डोळ्यांनीच म्हणत होती, सांगा, आई, आत्ता सांगा.

मी म्हटलं, "हाँ जी. उनकी बात और थी."

ते म्हणाले, हरकत नाही, पुढच्या महिन्याचाही तुम्हीच लिहा, आणि नावही टाकतो तुमचं. फक्त एक करा, लिहायला बसण्याआधी भाईसाबांचे दोनचार लेख वाचून काढा, हात बसेल.

तेच घेऊन बसले आहे आता. गणपतीचा वाचला, सासूचा वाचला, ब्रेकचा वाचला. बरं लिहीत होतात हो तुम्ही.